पुढच्या बाजूला अंगठा

सनईच्या रेकॉर्डचं कव्हर मी उन्हात मांडलं आणि फोनच्या पडद्यावर, सनईवाल्याच्या फेट्याच्या अलीकडे, कुणाचा तरी अंगठा दिसला. कव्हर उचलून डोळ्यांपाशी नेलं तर काही नाही. नुसता पिवळा पडलेला जुना पुठ्ठा. परत खाली ठेवलं, ऊन तिरपं पडलं, की अंगठा हजर. तांबूस, तेलकट, लांबट, कडेला जरा फिसकटलेला. मी अर्धं आयुष्य पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचपट्ट्यांवरचे डाग बघण्यात घालवलंय, त्यामुळे डाग दिसला की मला किळस येत नाही, प्रश्न पडतो. दुसरं कुणी असतं तर ओल्या फडक्यानं पुसून पुढचं कव्हर घेतलं असतं. मी मात्र दोन बोटांनी पडदा मोठा करून त्या अंगठ्याकडे बघत बसले, आणि मग लक्षात आलं की अप्पांच्या घरात, अप्पांच्या रेकॉर्डवर, असला अंगठा असूच शकत नाही.

फोटो काढायचं खूळ माझ्या भावाचं. मंजुनाथ पुण्यात असतो आणि तिथून आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेतल्या घराची आवराआवर करत असतो. त्याला बेंगळुरूचा कुणी शौकीन सापडला होता, सगळ्या रेकॉर्ड घेतो म्हणणारा, वर मशीन आणि स्पीकरच्या पेट्यासुद्धा. "अक्का, तू फक्त फोटो काढ. पुढून आणि मागून. फ्लॅश नको, कोपरे दिसले पाहिजेत, डाग असले तर लपवायचे नाहीत. सोमवारी त्याचा टेम्पो येईल." मी म्हटलं, अव्वाला विचारते. अव्वा, आमची आई, शेंगा निवडत बसली होती. मान वरसुद्धा न करता म्हणाली, "काढून टाक की ती अडगळ. कोन ऐकतंय आता?" अप्पांना जाऊन वर्ष होऊन गेलं, तरी त्यांची चप्पल तिनं दारातून हलवू दिलेली नाही, त्यांचा चष्मा ती आठवड्याला पुसून ठेवते. आणि रेकॉर्ड मात्र अडगळ. मला हे खटकलं होतं. सोमवारी एकदा टेम्पो गेला की गेला. पण तिला नेमकं हेच का नकोसं झालंय, ते कळल्याशिवाय तो जाऊ देणं माझ्या जिवावर आलं होतं.

तरी कामाला लागले. फोन हातात धरला की माझीच सावली कव्हरवर पडायची, हात हलायचा, चौकोन वाकडा यायचा. शेवटी प्लॅस्टिकचं स्टूल घेतलं. त्या स्टुलांच्या बैठकीला मधोमध भोक का असतं हे मला आजवर कळलं नव्हतं. ते याच्यासाठी असतं. कॅमेरा खाली करून फोन भोकावर ठेवायचा, खाली कव्हर सरकवायचं, आणि बटण दाबायचं. गॅलरीतली फरशी काळपट आहे, म्हणून खाली आधाराला एक नको असलेलं कव्हर अंथरलं, आणि त्याच्यावर एकेक ठेवत गेले. सकाळचं ऊन गॅलरीत आडवं येतं. त्या उन्हात पुठ्ठ्यावरच्या गोष्टी दिसायला लागतात, ज्या कपाटात असताना दिसत नाहीत. आतल्या तबकडीनं दाबून दाबून उठवलेलं वर्तुळ, कुठं पेनानं घातलेलं नाव, कोपऱ्यावर झुरळानं खाल्लेली नक्षी. एखाद्या माणसाला अचानक अंघोळीच्या पंच्यावर बघावं तशी ती कव्हरं जरा ओशाळलेली वाटली. मला मजा येऊ लागली होती. आणि त्यातच हा अंगठा निघाला.

अंगठा असू शकत नाही म्हटलं, कारण अप्पा. अप्पा सुताच्या पेढीवर कामाला होते, नाकासमोर चालणारे गृहस्थ. आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. पण रेकॉर्डच्या बाबतीत त्यांचं सोवळं पुजाऱ्याला लाजवेल असं. आधी साबणानं हात, मग पंचा, मग हात वाळेपर्यंत थांबायचं. तबकडी दोन तळव्यांमध्ये कडेनं धरायची. सुईवरची धूळ काढायला एक बारका ब्रश, तो दुसऱ्या कशाला वापरला तर घरात दुखवटा. दोन्ही पेट्यांचं अंतर त्यांनी सुतळीनं मोजून ठेवलेलं होतं, आणि झाडताना कुणी पेटी इंचभर सरकवली तर त्यांना ते ऐकताना कळायचं. रविवारी सकाळी त्यांचे मित्र यायचे, गिरणीतले अभिमन्यूकाका आणि आणखी दोघे-तिघे, आणि मी अप्पांच्या पायाशी सतरंजीवर. सतार सुरू झाली की सतारीसारखंच बसायचं, हलायचं नाही. अव्वा चहा घेऊन दारापर्यंत यायची, ट्रे आत सरकवायची आणि परत फिरायची. काका कधी म्हणायचे, "वहिनी, बसा की जरा." ती म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं." मला ते खरं वाटायचं. घराचे दोन भाग होते, गाण्याचा आणि चटणीचा, आणि मी गाण्याच्या भागातली होते. शाळेत कुणी विचारलं की मी अप्पांची लेक म्हणून सांगायची. अव्वाची कुणी असते हे कधी सुचलंच नाही.

तर, तांबूस तेल. तांबूस तेल म्हणजे शेंगाची चटणी; सोलापुरात हे तपासायला लॅबमध्ये जावं लागत नाही. उखळात शेंगदाणा आणि तिखट कुटत गेलं की दाण्याचं तेल सुटतं, आणि ते बोटांना लागलं की दोनदा हात धुतले तरी जात नाही. म्हणजे चटणी कुटणारं माणूस. पण चटणी कुटणाऱ्या माणसाचा रेकॉर्डशी संबंध काय? मी कव्हर घेऊन कपाटापाशी गेले. अप्पांच्या कपाटात रेकॉर्ड पुस्तकासारख्या उभ्या असतात, पाठ बाहेर. सनई तिच्या जागी ठेवली आणि उजव्या हातानं ओढून काढली. अंगठा कव्हरच्या मागच्या बाजूला गेला, चार बोटं पुढच्या बाजूला. पुन्हा ठेवली, पुन्हा ओढली. तेच. उजव्या हातानं अंगठा पुढच्या बाजूला आणायचा तर मनगट मुरगळावं लागेल. मग डाव्या हातानं ओढली, आणि माझा अंगठा आपसूक त्या खुणेवर जाऊन बसला. बसला म्हणजे अगदी नेमका बसला. जरासा मोठा पडला इतकंच. आमच्या घरात डावखुरं एकच माणूस आहे, आणि तेही डावखुरं असल्याचं घरात कुणी बोलत नाही. अव्वा सून म्हणून आली तेव्हा तिनं एकदा डाव्या हातानं भाकरी वाढली आणि तिच्या सासूनं ताट बाजूला सरकवलं. तेव्हापासून चारचौघांत तिचा उजवा हात चालतो. वाढणं उजव्यानं, विभूती उजव्यानं, पैसे उजव्यानं. पण स्वयंपाकघरात कुणी नसलं की सुई डाव्या हातात, विळीवरची भाजी डाव्या हातात, आणि मुसळ तर डाव्याच. मी हे कायम बघत आलेय आणि कधी बघितलेलं नाही.

मग काय, मला चैन पडेना. उरलेल्या कव्हरांची रांग उन्हात मांडली आणि एकेक तिरपं करून बघत सुटले. नाट्यगीतांच्या कव्हरांवर काही नाही. भक्तिगीतांवर नाही. अप्पांच्या लाडक्या ख्यालांच्या रेकॉर्ड तर धुतल्या तांदळासारख्या. पण सनईवर अंगठा होता, तसा सरोदवर होता, सतारीच्या दोनांवर होता, एका बासरीवर होता. सगळे पुढच्या बाजूला, पाठीच्या कडेशी, एकाच उंचीवर. मी ती कव्हरं वेगळी काढली आणि त्यांच्याकडे बघताना लक्षात आलं की एकाही रेकॉर्डमध्ये शब्द नव्हता. एकही गाणं नाही. नुसती वाद्यं. आणि मला वाटलं, मला सगळं समजलं.

अव्वा होटगीची. सोलापूरहून गाडीनं निघालं की आधी टिकेकरवाडी, मग होटगी. तिचे वडील रेल्वेत पॉइंट्समन होते, रूळ बदलायचं काम, आणि तिचा जन्म रुळांच्या कडेच्या क्वार्टरमधला. घरात कानडी, शेजारी कानडी, स्टेशनवर थोडं हिंदी. अठराव्या वर्षी इथं आली तेव्हा मराठीतलं तिला "या" आणि "बसा" एवढंच येत होतं, असं अप्पा चिडवायचे. होटगी काही सातासमुद्रापार नाही, पण माहेर टिकलं कुठं? लग्नानंतर दोनच वर्षांत वडील निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आईवडील मामाकडे गदगला गेले. त्या घरात दुसऱ्या पॉइंट्समनचं बिऱ्हाड आलं. दुसऱ्या बायका पंचमीला माहेरी निघाल्या की अव्वा म्हणायची, आमचं माहेर सरकारनं काढून घेतलं, आणि हसायची. लहानपणी मलाही ते हसू यायचं. माझं लग्न मोडलं तेव्हा मी एक बॅग घेऊन रिक्षानं या दारात आले, तिनं दार उघडलं, बॅग आत घेतली आणि विचारलं, "जेवलीस का?" तेवढंच. तिला असं दार नव्हतं, हे मला त्या वेळी जाणवलं नाही, आत्ता कव्हरांच्या मध्ये बसून जाणवलं. म्हणजे भाषा न कळणारी ती पोर, दुपारी घर निजलेलं, आणि ती कपाट उघडून शब्द नसलेल्या रेकॉर्ड शोधून काढतेय. शब्दांवाचून कळणारं काही तरी. "मला काय कळतंय त्यातलं" म्हणणारी आमच्या सगळ्यांपेक्षा खोल ऐकत होती. इतकी वर्षं घरात एक जाणकार होती आणि तिला आम्ही ट्रे धरायला लावला. मला तिचा अभिमान वाटला, स्वतःची चीड आली, आणि खरं सांगायचं तर असं काही हुडकून काढल्याबद्दल स्वतःचंही कौतुक वाटलं.

"अव्वा, तू अप्पांच्या रेकॉर्ड ऐकायचीस?"

ती उन्हात पाय पसरून बसली होती. "कवा?"

"दुपारी. कुणी नसताना."

"मला काय कळतंय त्यातलं."

"मग या कव्हरवर चटणीचा अंगठा कुणाचा?" मी सनई तिच्यापुढे धरली, ऊन पडेल अशी तिरकी करून.

तिनं चष्मा वर सरकवला. बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "असंल कुनाचा तरी. चटनीचं घर हाय. तुझ्या लॅबच्या कोटाला बी सापडंल की."

असं थोडंच सोडणार? संध्याकाळी मी हात साबणानं धुतले, वाळवले, आणि ज्यावर अंगठा सर्वांत ठसठशीत होता ती सतार लावली. मशीन चालू होतं, फक्त पट्टा जरा ओढ खात होता. मी मुद्दाम तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, कपाट आवरल्यासारखं करत नजर ठेवली. आलाप सुरू झाला. अव्वा लसूण सोलत होती. आलाप पुढे सरकला. अव्वानं सालं फुंकली. एखाद्या जागेवर तिचा हात थांबेल, डोळे मिटतील, मान हलेल, काहीतरी होईल म्हणून मी वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली, तेव्हा मला वाटलं, आता.

"लई येळ झाला, अजून जुळवाजुळवच चालली की त्याची," ती म्हणाली. "जरा बारीक कर. कुकरची शिट्टी ऐकू यीना."

त्या रात्री मी जरा नाराज होऊनच झोपले. उंटावरच्या शहाण्याला खाली उतरताना कसं वाटत असेल ते कळलं. पण लॅबची सवय अशी की निष्कर्ष चुकला तर डाग खोटा ठरत नाही. डाग आहे तिथंच असतो, आपणच कुठंतरी चुकीचं बघितलेलं असतं. सकाळी परत गॅलरीत गेले. थोडीच कव्हरं राहिली होती, ती उरकली. शेवटचं उचललं, स्टूल बाजूला केलं, आणि खाली अंथरलेलं ते नको असलेलं कव्हर उचलायला वाकले. त्याचा फोटो काढायचा प्रश्नच नव्हता. मशीन घेतलं तेव्हा दुकानदारानं ती रेकॉर्ड फुकट दिली होती. स्टिरिओ म्हणजे काय ते गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी असतात तसली. तिच्यात गाणं नाही, संगीत नाही. एक साहेब इंग्रजीत बोलतो आणि मग नुसते आवाज. चेंडू या पेटीतून त्या पेटीत जातो, काचेचा पेला फुटतो, कुणी जिना उतरतं, असलं काहीबाही. अप्पांनी ती मित्रांना एकदा ऐकवली असेल. मंजूनंही सांगितलं होतं, असल्या कुणी घेत नाही, फेकून दे. म्हणून मी ती जमिनीवर अंथरली होती आणि सगळ्या फोटोंत तिची कड येत होती, ती मी प्रत्येक वेळी कापून टाकत होते. आता ती हातात धरली आणि ऊन तिच्यावर पडलं. पाठीकडची कड मुळातच तपकिरी रंगाची आहे असं मी समजले होते. तो रंग नव्हता. अंगठ्यावर अंगठा, त्याच्यावर अंगठा, इतके की एकही वेगळा दिसत नव्हता. पुठ्ठा तेल पिऊन मऊ पडला होता, भाकरीच्या फडक्यासारखा. आणि ही रेकॉर्ड कपाटात कुठं असायची? खालच्या खणात, अगदी कडेला, वाद्यांच्या रांगेत घट्ट कोंबलेली. सनई, सरोद, सतार, बासरी या तिच्या शेजारणी होत्या. हिच्यापर्यंत पोचायला त्यांना बाजूला काढावं लागत असणार. माझी जाणकार अव्वा एका सेकंदात गेली. तिच्या जागी कोण उभं आहे ते मला दिसेना, आणि आदल्या दिवसापेक्षा मला ते जास्त हवंसं वाटायला लागलं.

कव्हरच्या मागं आवाजांची इंग्रजी नावं छापली होती. चेंडू, पेला, जिना, पाऊस. सर्वांत शेवटी, वाफेचं इंजिन जाताना.

मी तशीच आत गेले. या वेळी विचारलं नाही. अव्वा स्वयंपाकघरात होती. रेकॉर्ड लावली, सुई टेकवली. साहेब बोलायला लागला आणि आतल्या भांड्यांचा आवाज बंद झाला. चेंडू टपटपत गेला. पेला फुटला. अव्वा पदराला हात पुसत बाहेर आली आणि दोन पेट्यांच्या बरोबर मधोमध, मशीनकडे तोंड करून, फरशीवर बसली. अप्पासुद्धा इतके मधोमध बसत नसत. जिना, पाऊस, मग थोडी शांतता, आणि लांबून गाडी आली. आधी नुसती धाप, मग चाकांचा ठेका, शिट्टी, खोली भरून गेली, खिडकीची तावदानं थरथरली आणि गाडी पार होऊन बारीक होत गेली.

"उलटी आली," अव्वा म्हणाली.

"काय उलटी?"

"गाडी. जायची सोडून हिकडंच आली." तिनं हात करून दाखवला, डावा. "ही खिडकीची बाजू म्हंजी सोलापूर. ती चुलीची म्हंजी होटगी. हिकडनं तिकडं जायाला पायजे. जात हुती की चांगली."

मी पेट्यांच्या मागं वाकून बघितलं आणि मला अभिमन्यूकाका आठवले. अप्पांच्या पहिल्या पुण्यतिथीला मित्र जमले होते, सतार लावली होती, आणि काका उठून वायरी तपासायला गेले होते. "अरे, गुरप्पानं डावी-उजवी वायर उलटी जोडलीय! जन्मभर उलटं ऐकत बसला, आणि आम्हाला ऐकायला शिकवत होता," म्हणून अप्पांच्या नावानं हसले होते आणि त्यांनी वायरी सरळ करून दिल्या होत्या. आम्ही सगळेच हसलो होतो. सुतळीनं अंतर मोजणारा माणूस, पेटी इंचभर हलली तर ओळखणारा माणूस, आणि त्याला डावं-उजवं कळलं नाही, याचं नवल मला त्या दिवशी वाटायला हवं होतं.

"अप्पांनी उलटी जोडली होती ना? मुद्दाम?"

अव्वा फरशीवरच्या कशाला तरी नखानं खरवडत होती. "नवीन मशीन आलं तवा अशीच यायची. हिकडं. मी दुपारची लावायची. रोज वाटायचं आज तरी जाईल, आन् ती बया मला फिरून हितंच आनून टाकायची. एकदा हे मधीच घरी आले. मी रडत बसल्याली. म्हनले, काय झालं? मी म्हनलं, ही गाडी हिकडंच का येती? कानडीत म्हनलं. मराठीत कुटं यायलं हुतं तवा."

"मग?"

"मग काय. कायबी बोलले न्हाईत. दुसऱ्या दिशी लावली तर गाडी होटगीला गेली."

"आणि तुम्ही दोघं याच्यावर कधी बोललाच नाहीत?"

"काय बोलायचं त्यात? गेली की गाडी."

चाळीस-पंचेचाळीस वर्षं, दर रविवारी, अप्पांनी सतार चुकीच्या बाजूनं ऐकली होती. त्यांच्या कानाला ते रोज टोचत असणार. मित्रांच्या समोर, माझ्या समोर, एक शब्द नाही. मी त्यांच्या पायाशी बसायची आणि समजायची की या खोलीत जे चाललंय ते मला आणि त्यांना कळतं. मला हसू आलं, रडूही आलं, आणि लहान मुलासारखं वाटलं की मला का नाही सांगितलं. म्हटलंही तसं.

"तू कवा इचारलंस?" अव्वा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मी फोन काढून मंजूला लिहिलं, मशीन आणि पेट्या द्यायच्या नाहीत. त्याचं लगेच आलं, का? काय झालं? त्याला काय सांगणार होते? फोन उलटा ठेवला. "थांब, वायरी पहिल्यासारख्या करते," म्हणून मी पेटीमागं हात घातला.

"बेडा. नको."

"का गं? आत्ता तर म्हणालीस उलटी आली."

"आली ते बरंच झालं." ती उठायला बघत होती, गुडघा धरून. "ते गेल्यापास्नं म्या ती लावलीच न्हाई. तू लावलीस म्हनून बसले. दे म्हनलं ना समदं त्या मानसाला. मशीन बी दे."

"पण का?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू एवढं साधं मला कळू नये. "गाडी गेली की मी बी जात हुते, पोरी. खरंच जात हुते. क्वार्टरच्या म्होरं सडा घातलेला, आमची अव्वा भाकरी थापतीया, अप्पा हिरवा झेंडा घेऊन उभे. हितलं कायबी दिसायचं न्हाई. कुनी हाक मारली तरी ऐकू यायचं न्हाई, दूध उतू गेलेलं हाय कितीदा. मग खाली दारात ह्यांची सायकल यायची. ष्टँडचा खाडकन आवाज झाला की मी हितं." ती पुन्हा खाली टेकली. "आता गेले आन् आनायला कोनी न्हाई आलं तर? ऱ्हायले तितंच, तर?"

ती हसत म्हणेल असं वाटलं होतं, सरकारनं माहेर काढून घेतलं म्हणताना हसायची तसं. पण ती हसली नाही. तिला खरोखर भीती वाटत होती. मलाही वाटली. या घरात ती गेली वर्षभर किती जपून वावरत होती, कशाकशाला हात लावायचं टाळत होती, ते मला एकदम दिसलं; आणि मी त्याला कंटाळा समजले होते, वय समजले होते, रेकॉर्डचा तिटकारा समजले होते. मला तिला जवळ घ्यायचं होतं. आमच्यात ती पद्धत नाही. म्हणून मी पेटीमागं वाकले आणि वायरी उपटून उलट्या जोडल्या. या वेळी तिनं बेडा म्हटलं नाही.

"मी बाहेर थांबते," मी म्हटलं. "गाडी गेली की दार वाजवते."

"सायकल हाय व्हय तुझ्याकडं?"

"कडी आहे."

तिनं पदर सावरला आणि मधोमध सरकून बसली. मी सुई टेकवली, बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि जिन्यात उभी राहिले. खालच्या मजल्यावर कुणी तरी बादली भरत होतं. दाराच्या आतून साहेब बोलला, त्याचं बोलणं संपता संपेना. चेंडू, पेला, जिना, पाऊस. मग गाडी आली, आणि या बाजूनं ऐकताना ती कुठून कुठं गेली हे काही कळेना. नुसतं खोलीतून काहीतरी मोठं निघून गेल्यासारखं वाटलं. आवाज बारीक होत होत विरला. सुई शेवटच्या वर्तुळात खरखरत फिरू लागली. आतून हालचाल नाही. कडी वाजवली. काही नाही. मग दोन्ही हातांनी धरून अशी खडाखडा वाजवली की खालची बादली थांबली. आत पावलं वाजली, सावकाश, गुडघा सांभाळत येणारी. दार उघडलं. अव्वाच्या डोळ्यांत ऊन गेल्यासारखं ती पापण्या मिचकावत होती आणि तिच्या कपाळाला चांगलीच आठी होती.

"एवढी काय घाई हुती तुला?" ती म्हणाली. "होटगी यायची हुती अजून. आत्ताशी टिकेकरवाडी गेली हुती."